बंद घरातले चोपन्न युनिट

०

काळे आकडे घ्यायचे, लाल सोडायचे.

ताडपत्रीत गुंडाळलेला कूलर, लोखंडी स्टँडवर. मार्च लागला तरी अजून झोपलेला.

एक मूठ तांदूळ. पाण्यात चार मोहफुलं.

नागपूरची बस. चंद्रपूरला पोचायची वेळ दुपारी एक.

सात लिव्हरचं पितळी कुलूप. किल्ली एकच.

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, सकाळी आठ बत्तीसला : 'घर चार महिन्यांपासून बंद. गॅस जळला चोपन्न युनिट. भूत सैपाक करून राह्यलं का कोणी दारू गाळून राह्यलं?' खाली हसऱ्या तोंडांची रांग.

१

दिव्यानीनं स्कूटी सावलीत लावली, हेल्मेट काढलं आणि कपाळाचा घाम पुसायच्या आत विक्कीनं मोबाइल तिच्या नाकासमोर धरला.

"हे रीडिंग तुमीच घेतलं ना मॅडम?"

"मीच. तीन दिवसांआधी."

"मंग सांगा आता. कुलूप लावलेल्या घरात चोपन्न युनिट कोणं जाळले?"

तुकुमच्या पलीकडे, जिथून थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर संध्याकाळपर्यंत काळी भुकटी बसते, तिथली ही जुनी कॉलनी. घरं जोडीजोडीनं बांधलेली, मधली भिंत दोघांची. अकरा नंबर नानाजींचं, बारा नंबर रीनावहिनींचं. नानाजी म्हणजे नागभीड स्टेशनवरून रिटायर झालेले स्टेशनमास्तर. ऑक्टोबरात त्यांची बायको गेली. नोव्हेंबरात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ते नागपूरला लेकीकडे गेले, ते आज दुपारच्या बसनं परत येणार होते. विक्की त्यांचा पुतण्या. घर भाड्यानं द्या म्हणून वर्षभरापासून मागे लागलेला. आणि घराची किल्ली होती सोमारीकडे.

सोमारी पुढच्या पायरीवर बसली होती. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. बारा वर्षांपासून चंद्रपुरात, या कॉलनीत चार घरी स्वयंपाक करणारी. किल्ली पदराच्या टोकाला बांधलेली आणि ते टोक मुठीत. ग्रुपवरचा मेसेज वाचून एका घरानं तिला आजच 'उद्यापासून येऊ नको' म्हणून कळवलं होतं. अजून तीन उरली होती.

"सकाळी हिच्याकडून घर उघडून घेतलं," विक्की म्हणाला. "ओट्यावर पातेलं. त्याच्या बुडाशी मोहफूल. समजलं का? आमच्या काकाच्या गॅसवर बाई मोह्याची गाळून राह्यली. नानाजी यायच्या आत किल्ली माह्या हातात पाहिजे. नाई तं मी पोलिसात चाललो."

"ठेसन कुठी हाय ते माईत हाय ना तुले?" मधल्या भिंतीवरून रीनावहिनींचा आवाज आला. "का तेही सोमारीलेच विचारशीन?"

विक्कीनं मोबाइल खिशात टाकला.

पाइपगॅस कंपनीच्या ऑफिसातून निघताना साहेबांनी दिव्यानीला सांगितलं होतं, मीटर ठीक असेल तर फॉर्मवर 'ग्राहकाचा वापर' असं लिहून ये, विषय संपव. दोन शब्द. पण चोपन्न युनिट वापरणारा ग्राहक नागपूरला पलंगावर पडून होता. म्हणजे ते दोन शब्द सोमारीच्याच नावावर चढणार होते, कंपनीच्या शिक्क्यासकट.

दिव्यानीनं फॉर्म बॅगेत परत ठेवला.

"आधी मीटर पाहतो," ती म्हणाली.

२

दोन्ही घरांची मीटरं मागच्या गल्लीत, एकाच भिंतीवर. अकराचं उघड्यावर, पांढऱ्या रंगात नंबर टाकलेला. बाराचं त्याच्या शेजारी, रीनावहिनींच्या कूलरमागे दडलेलं. तिथला पाइप तेवढा दिसायचा. दोन्ही पाइप वीतभर वर जाऊन भिंतीत शिरत आणि गिलाव्याखाली गडप होत.

दिव्यानी अकरासमोर उकिडवी बसली. काचेत पाच काळे आकडे : ००४५२. पुढे लाल चौकटीत तीन बारके आकडे. काळे म्हणजे पूर्ण युनिट, लाल म्हणजे युनिटाचा चुरा. बिल काळ्यांवर निघतं. नानाजी गेले तेव्हा काळे आकडे ३९८ होते. जानेवारीत ४२५. आता ४५२.

"गळती असंल वो," रीनावहिनी मागच्या दारात मेथी निवडत उभ्या होत्या.

"तेच पाहतो."

तिनं सोमारीला घर उघडायला लावलं, आत जाऊन शेगडीजवळची चावी बंद केली आणि पुन्हा मीटरसमोर येऊन बसली. गळती असली तर शेवटचा लाल आकडा मुंगीच्या चालीनं का होईना, सरकतोच. वीस मिनिटं ती त्या आकड्याकडे बघत राहिली. ऊन खांद्यावर आलं. विक्कीनं दोनदा सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला.

"वहिनी, तुमचा सैपाक?"

"माहा कवाचाच आटपला. मी रिकामीच हाय, म्हणून तं तमाशा पाहून राह्यली."

शेवटचा लाल आकडा जागचा हलला नाही.

"गळती नाई," दिव्यानी उठली.

"म्हणजे पेटवला," विक्की टाळी वाजवायच्या बेतात होता. "किल्ली एक. माणूस एक. अजून काय पाहिजे?"

दिव्यानी पुढच्या पायरीशी गेली, सोमारीच्या शेजारी बसली.

"सोमारीबाई, खरं सांगा. नानाजी गेल्यावर या घरात गॅस पेटवला का कधी?"

सोमारीनं मुठीतला पदर सोडला आणि तिच्याकडे सरळ पाहिलं.

"पेटवला ना."

३

"घ्या!" विक्की म्हणाला. "लिहा. कबूल झाली."

"विक्कीभाऊ, दोन मिनिटं चूप बसा. कधी पेटवला, बाई?"

"सोमवारी. दर सोमवारी घर झाडाले येतो. झाडून झालं का मूठभर भात लावतो."

"काऊन?"

"आमच्यात चूल थंडी ठेवत नाई. माणूस गेलं तरी घर सोडून जाते का लगेच? चुलीपाशी बसून राह्यते. चूल थंडी दिसली तं त्याले वाटते, माहं घर उठलं. या घरच्या बाईले मी तीन वर्षं आपल्या हातानं भरवलं. तिले काऊन तसं वाटू द्यायचं?"

"अन् मोह?"

"बाईले आवडे. गावावरून आणला का म्हणे, भातात टाक चार. तेच टाकतो."

"नानाजीले सांगितलं होतं?"

"नाई सांगितलं. दुसऱ्याच्या घरी आपला रिवाज करतो. कोणत्या तोंडानं सांगू?"

"किती वेळ जळते गॅस?"

"भात शिजते तोवर. लहान बर्नरवर. एक सोमवार चुकला, गावी गेलतो."

विक्की हसला. हसू अगदी तोंडभर होतं, खर्र्यासकट. दिव्यानी हसली नाही, कारण तिच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. लहान बर्नर तासभर पेटला तर युनिटाचा सहावा-सातवा भाग जाळतो. मूठभर भाताला दहा मिनिटं पुरतात. अशा सोळा-सतरा भातांचा मिळून अर्धा युनिटही होत नाही. मीटर सांगत होतं चोपन्न. म्हणजे सोमारी शंभरपटीनं खोटं बोलत होती. किंवा मीटर.

आणि दुसरी गोष्ट. नोव्हेंबर ते जानेवारी सत्तावीस. जानेवारी ते मार्च पुन्हा सत्तावीस. दारू गाळणारा एका दिवसात भसाभस जाळेल, मग पंधरा दिवस फिरकणार नाही. त्याचे आकडे उड्या मारतील. हे आकडे ठरलेल्या पावलांनी चालत होते. असा गॅस चोर जाळत नाही, संसार जाळतो. सकाळी डबे, संध्याकाळी कुकर, मधे दोनदा चहा.

दिव्यानी उठून मागच्या गल्लीत आली आणि कूलरकडे पाहत राहिली.

इथे एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी तिनं तोवर कोणालाच सांगितली नव्हती. बाराचं मीटर तिनं जानेवारीत पाहिलं नव्हतं. तीन दिवसांआधीही नाही. कूलर सरकवायला दोन माणसं लागतात, रीडिंग घेणारी ती एकटी. दिवसाला सत्तर घरं. तिनं दोन्ही वेळा 'मीटर दिसत नाही' असा शेरा मारून नेहमीचा सरासरी आकडा भरला होता. रीनावहिनींना बिल नेहमीसारखंच आलं, त्यांनी तक्रार केली नाही. दोन्ही घरांचा वापर तसाही सारखाच असायचा : बारात चार माणसं, अकरात दोनच, पण आजारी बाईसाठी दिवसभर पाणी तापत असे.

"वहिनी, कूलर सरकवा."

"आता? बाप्पा, तो लोखंडाचा हाय. तीन माणसाईनं ठेवला."

"मी आहे, तुमी आहा. अन् विक्कीभाऊ आहेत."

"मी काऊन?"

"तुमालेच तं चोर पकडाचा हाय ना?"

तिघांनी मिळून कूलर ओढला. स्टँडचे पाय फरशीवर किंचाळले. वाळ्याच्या सडक्या काड्या पडल्या, एक पाल पळाली, आणि धुळीनं भरलेली काच दिसली. दिव्यानीनं ओढणीनं ती पुसली.

००४१२.

तिनं मोबाइलमधलं जुनं रेकॉर्ड उघडलं. नोव्हेंबरात, नानाजी गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, भिंत रंगवायची म्हणून कूलर बाजूला होता. तेव्हा तिनं दोन्ही मीटरांचे फोटो काढले होते. बाराचा आकडा त्या फोटोत होता ००४१२.

चार महिने. चार माणसं. शून्य युनिट.

"म्हणजे माहं मीटर बंद पडलं?" रीनावहिनींनी मेथीची जुडी छातीशी धरली.

"पडू द्या ना," विक्की हात झटकत म्हणाला. "बाराचं बंद पडलं, त्याचं अकराशी काय देणंघेणं? अकराचं चालू हाय. चोपन्न!"

खरंच होतं ते. फॉर्मवर 'मीटर बंद, बदलावे' असा रकाना होता. दिव्यानीनं पेन काढलं. पेन कागदाला टेकलं आणि तिथंच थांबलं.

३.१

लाल सोडायचे, असं शिकवलं होतं. पण फोटोत तर सगळेच आकडे येतात.

तिनं नोव्हेंबरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. काळ्यांच्या पुढे, लाल चौकटीत : ३१७.

मग काचेला नाक लावलं. लाल चौकटीत : ७३९.

बंद पडलेलं मीटर जिथं पडलं तिथंच राहतं. हे मीटर चाललं होतं. चार महिन्यांत एक युनिटही पुरं झालं नव्हतं, अर्ध्याच्या अलीकडे येऊन थांबलं होतं. एवढा कमी गॅस जाळणारं घर या कॉलनीत कोणतं?

पुढच्या बाजूला ऑटो थांबल्याचा आवाज आला.

३.२

नानाजी काठी टेकत गल्लीत आले. मागून सोमारी त्यांची बॅग घेऊन. पांढरा शर्ट इस्त्रीचा, बटण गळ्यापर्यंत.

"काका, मी तुमाले सांगतो..." विक्कीनं सुरुवात केली.

"मी बसमध्ये सगळं वाचलं. माहा नंबर हाय त्या ग्रुपवर, इसरला काय?" नानाजींनी सरकवलेल्या कूलरच्या स्टँडच्या कडेवर बूड टेकलं. "आधी ही पोरगी काय म्हणते ते आयकू. बोल बाई."

दिव्यानीनं सांगितलं. बंद घराचं मीटर संसारासारखं चालतंय, संसाराचं मीटर बंद घरासारखं. तोंडानं सांगून कोणी ऐकणार नव्हतं, म्हणून तिनं एवढंच मागितलं : सोमारीनं आत जाऊन सोमवारी लावते तसाच भात लावावा. रीनावहिनींनी आपल्या शेगडीला हात लावू नये. बाकीच्यांनी इथं उभं राहून दोन्ही काचा बघाव्यात.

"अन् तिनं आत काही गडबड केली तं?" विक्की.

"तं तू जा ना आत, तिच्यापाशी उभा राह्य," नानाजी म्हणाले.

विक्की गेला. थोड्या वेळानं आतून त्याची हाक आली. "पेटवला!"

अकराच्या काचेत काहीच हललं नाही. नानाजींनी चष्मा वर केला, पुसला, पुन्हा लावला. शेवटचा लाल आकडा खिळा ठोकल्यासारखा उभा. त्यांच्याच घरात त्यांचीच शेगडी पेटलेली, आणि त्यांचं मीटर ढिम्म.

मग रीनावहिनी ओरडल्या.

"माहं चाललं! माहं चाललं वो! मी तं इथी उभी हाय!"

बाराच्या काचेत शेवटचा लाल आकडा वळत होता. नऊचा शून्य झाला, शून्याचा एक. दिव्यानी घड्याळावर नजर ठेवून होती. अकरा मिनिटांनी आतून झाकण ठेवल्याचा आवाज आला. आकडा थांबला. ७६५.

"सव्वीस," ती म्हणाली. "एका भाताला सव्वीस."

"आता मी लावू का माही?" रीनावहिनींना थांबवेना. त्या आत धावल्या, आणि अकराची काच, वीस मिनिटं रोखून पाहिली तरी न हललेली अकराची काच, भरभर पळू लागली.

३.३

इसरू फिटरनं फोन तिसऱ्या वेळी उचलला. अडीच वर्षांपूर्वी या कॉलनीत पाइप टाकणारा तोच.

"इसरूभाऊ, अकरा-बारा आठवते? नंबर कसे टाकले होते?"

"कसे म्हणजे? घरासमोर उभा राह्यलो. अकरा डाव्या हाताले, बारा उजव्या. तसे मीटरवर आधीच नंबर टाकून घेतले, अन् तसेच लावले. अकरा डाव्या हाताले..."

"कुठी उभं राहून लावले?"

"मागच्या गल्लीत." पुढून पाहिलं तर डावीकडे जे घर, ते मागून पाहिलं तर उजवीकडे. "अरे बाप रे," इसरू म्हणाला. "मॅडम, त्या लायनीत सोळा जोड्या हायेत."

दिव्यानीनं फोन ठेवला आणि फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सर्वांसमोर लिहिलं. सातशे एकोणचाळीसमधून तीनशे सतरा गेले, राहिले चारशे बावीस. एका भाताला सव्वीस. सोळा भातांचे होतात चारशे सोळा. वरचे सहा एखाद्या दिवशी भात उशिरा शिजला त्याचे.

"नानाजी गेल्यापासून सोमवार आले सतरा," ती म्हणाली. "सोमारीबाई म्हणाल्या, एक चुकला. बारावर जो आकडा चढला तो या घराचा आहे, आणि तो त्यांच्या शब्दाएवढाच आहे. दारू गाळायची तर एका दिवसात याच्या कितीतरी पट गॅस लागला असता. तो कुठेच नाही."

"सोळा सोमवार झाले की वो तुमचे, सोमारी!" रीनावहिनी म्हणाल्या. "आता उद्यापन करा."

पहिल्यांदाच सोमारी हसली, पदर तोंडाला लावून.

"अन् माहं बिल?" रीनावहिनींच्या मग लक्षात आलं. "मीटर शून्य, तरी नेहमीसारखं कसं येत होतं?"

हा प्रश्न येणार हे दिव्यानीला कूलर सरकवताना माहीत होतं.

"ते मी भरलं," ती म्हणाली. "दोनदा. न पाहता, अंदाजानं. जानेवारीत मी कूलर सरकवला असता तर हे तेव्हाच कळलं असतं. सोमारीबाईंवर आज हे आलंच नसतं." तिनं फॉर्म सरळ केला. 'ग्राहकाचा वापर' लिहायच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं : 'अकरा व बाराची मीटरं अदलाबदल. बाराचं रीडिंग दोनदा न पाहता भरलं. भरणारी : दिव्यानी.' आणि सही केली.

"नोकरी जाईल ना तुही?" नानाजींनी विचारलं.

"बोलणी बसतील. गेली तर गेली. पण हे लिहिल्याशिवाय त्यांचं नाव साफ होत नाही."

नानाजींनी मान हलवली आणि पुतण्याकडे पाहिलं. "विक्की, मोबाइल काढ."

"काऊन?"

"सकाळी लिहिलं तिथंच लिही. मी सांगतो तसं. 'सोमारीनं काही केलं नाई. चूक माही.' त्या चेहऱ्या-बिहऱ्याशिवाय. अन् तिले येऊ नको म्हणणाऱ्या घराचं नाव सांग, तिथी मी स्वतः चाललो."

विक्कीनं टाइप केलं. खर्रा तोंडात असल्यासारखा गाल फुगवून, पण केलं.

सोमारी पदराची गाठ सोडू लागली. किल्ली काढून तिनं नानाजींसमोर धरली. "घ्या नानाजी. इचारल्याबिगर केलं मी. ते तं खरंच हाय."

नानाजींनी किल्लीकडे पाहिलंच नाही. ते काठीवर जोर देऊन उठले, मागच्या दारानं आपल्या स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावरच्या पातेल्याचं झाकण काढलं. वाफ गेली होती. भातात चार फुलं, फुगून पिवळी झालेली. त्यांनी उभ्या उभ्या एक घास घेतला, सावकाश चावला.

"मीठ कमी हाय."

"बाईले कमीच लागे," सोमारी दारातून म्हणाली.

"हो," नानाजी म्हणाले. अजून एक घास घेतला. "हो. कमीच लागे तिले." मग पाठमोरेच राहून त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. वळले तेव्हा आवाज स्टेशनमास्तरचा झाला होता. "ते किल्ली बांध पदराले. मी घरी असलो तरी सोमवारी तूच येशीन. भात दोघाचा लावजो."

नोव्हेंबरात घर सोडायच्या आदल्या दिवशी नानाजींनी किल्ली आधी विक्कीपुढे धरली होती. विक्की म्हणाला होता, मले वेळ नाई.